घड्याळजीचं नाव कुणी घ्यायचं नाही

"या वेळी माझा खुनी कुणाच्या बापालाही सापडणार नाही!" असं काकांनी चहाचा कप टेबलावर आपटून जाहीर केलं आणि अर्धा चहा बशीत सांडला. काकूंनी फडकं पुढं केलं. लग्न झाल्यापासून काका अशा घोषणा करत आलेत आणि काकू फडकं पुढं करत आल्यात.

काका रहस्यकथा लिहितात. बिल्डिंगमधली पोरं त्यांना खुनीकाका म्हणतात. नवा वॉचमन आला तेव्हा त्यानं हे नाव ऐकलं आणि बिचारा बरेच दिवस त्यांच्यासमोर पाठ वळवायलाही तयार नव्हता! पण काकांना नाव आवडतं. एक काळ होता, लायब्ररीत त्यांच्या पुस्तकासाठी लोक नंबर लावून थांबायचे. आता ती पुस्तकं सगळ्यात खालच्या कप्प्यात गेली आहेत. तिथून पुस्तक काढायचं तर गुडघे टेकावे लागतात, आणि काकांच्या वाचकांचे गुडघे आता त्या लायकीचे राहिलेले नाहीत.

त्यातून प्रकाशकांनी यंदा स्पष्टच सांगितलं होतं. "काका, हे पुस्तक छापतो. महोत्सवात 'बिनतोड' मिळालं तर पुढचंही छापतो, जुनी सगळी नव्या कव्हरात काढतो. नाही मिळालं, तर मग आपण थांबू या." 'आपण' म्हणाले खरे, पण थांबायचं कुणी हे त्यांनाही ठाऊक होतं आणि काकांनाही. घरी आल्यावर काका त्या रात्री जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले.

आता हे 'बिनतोड' काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. रहस्यकथा महोत्सव दरवर्षी भरतो. दोन दिवस नुसते खून! सकाळी विषप्रयोगावर परिसंवाद, दुपारी फासावर चर्चा, मध्ये चहा-बिस्किटं. तिथली रीत अशी, की स्पर्धेतली पुस्तकं आधीच विक्रीला येतात, पण शेवटचं प्रकरण कागदी पट्टीनं बंद करून, वर लाखेचा शिक्का मारून. वाचकानं पट्टीपर्यंत वाचायचं, खुनी कोण ते आपल्या डोक्यानं ओळखायचं आणि महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चिठ्ठीवर लिहून त्या पुस्तकाच्या पेटीत टाकायचं. मग स्टेजवर पेट्या उघडतात. ज्या पुस्तकाचा खुनी सगळ्यात कमी लोकांना सापडला, ते पुस्तक बिनतोड. पट्टी आधीच फोडून पाहणारा वाचक तिथं अजून निघालेला नाही. ही माणसं झोपताना उशाशी खून घेऊन झोपतात, पण पट्टीला हात लावणार नाहीत.

काकांच्या कादंबरीत एका कारखानदाराचा त्याच्या अभ्यासिकेत खून होतो. आतून कडी, डोक्यात जबर मार, हत्यार गायब. संशयित चार. डॉक्टर, पुतण्या, सेक्रेटरी बाई आणि घड्याळजी. हा घड्याळजी म्हणजे गरीब गाय. दर शनिवारी भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाला किल्ली द्यायला येतो, मालकाला नमस्कार करतो, जाता जाता खिडकीतल्या कुंडीला पाणी घालतो. खून यानंच केलेला आहे.

कादंबरी चांगली होती. खरंच चांगली होती, हे इथंच सांगून टाकतो, कारण पुढच्या गोंधळात ते कुणाच्या लक्षात राहणार नाही. काकांनी इतकी चांगली कादंबरी आयुष्यात लिहिली नव्हती. फक्त एकच माणूस असा होता की ज्याचा तिच्यावर भरवसा नव्हता, आणि तो माणूस म्हणजे स्वतः काका!

"हल्लीचे वाचक फार बेरकी झालेत," ते काकूंना म्हणाले. "नुसतं पुस्तक लिहून भागत नाही. पुस्तकाच्या बाहेरही काहीतरी करायला हवं."

"जाहिरात?"

"दिशाभूल!" काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे असे काही चमकले की काकूंनी हातातलं काम खाली ठेवलं.

त्या रविवारी घरी बैठक बसली. बैठकीला काकू, काकूंचा धाकटा भाऊ आणि जावई. काकूंची सगळी नोकरी शाळेत शिकवण्यात गेली, त्यामुळे त्यांनी कानात सांगितलं तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं. मेहुणा जागांचा दलाल आहे. बंद पडलेली लिफ्ट दाखवून तो "व्यायामाची सोय" म्हणतो. जावई विमा कंपनीत लोकांचे दावे खरे की खोटे ते तपासतो आणि त्या नोकरीपायी त्याला खोटं ऐकू आलं की शिंक येते, बोलायचं तर लांबच. मुलगी शहाणी. तिनं ऑफिसचं काम काढलं आणि नवऱ्याला पाठवून दिलं.

"सोपं आहे," काका म्हणाले. "तुम्ही तिघांनी महोत्सवात वाचक म्हणून फिरायचं. चहाच्या रांगेत, पुस्तकांच्या स्टॉलपाशी, जिन्यात, जिथं चार लोक असतील तिथं. आणि सहज बोलल्यासारखं बोलायचं. अगं, तू डॉक्टरवर संशय घे. मेहुण्या, तू सेक्रेटरी बाईवर. जावईबापू, तुम्ही पुतण्या घ्या."

"दाजी, काय डोकं आहे!" मेहुणा म्हणाला. "तुम्ही जागांच्या धंद्यात यायला हवं होतं."

जावयानं शाळेतल्यासारखा हात वर केला. "बाबा, चौघे संशयित आहेत. आम्ही तिघं. मग घड्याळजीचं काय?"

"त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही!" काका एकदम ओरडले. "अजिबात नाही! तोंडातून अक्षर काढायचं नाही! आणि समजा कुणी त्याचा विषय काढलाच, तर बोलायचं नाही, हसायचं नाही, सरळ उठून निघून जायचं. समजलं?"

समजलं. दुर्दैव असं की तिघांनाही अगदी नीट समजलं.

महोत्सवाच्या पहिल्या दिवशी दारातच एका मुलीनं सगळ्यांच्या गळ्यात बिल्ले अडकवले. काकांच्या बिल्ल्यावर 'लेखक' आणि या तिघांच्या बिल्ल्यावर, लांबून चष्म्याशिवायही वाचता येईल अशा अक्षरांत, 'लेखक-कुटुंबीय'!

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तिघांना खांबाआड ओढलं. "काढा! काढा ते आधी!"

"दाजी, काढलं तर जेवण नाही," मेहुणा म्हणाला. "मी विचारलंय. बिल्ला दाखवला तरच ताट देतात."

"मग उलटा कर!"

मेहुण्यानं बिल्ला उलटा केला. मागच्या बाजूलाही तेच छापलेलं होतं. आयोजकांनी दोन्ही बाजूंनी छापून घेतलं होतं, कारण बिल्ले उलटे होतात हा त्यांचा गेल्या वर्षीचा अनुभव.

"जाऊ दे हो," काकू म्हणाल्या. "बिल्ले कोण वाचतंय!"

आता तुम्हीच सांगा. रहस्यकथांचा महोत्सव. हॉलमध्ये शेकड्यानं माणसं, आणि त्यातला एकूण एक माणूस असा, की समोरच्याच्या बुटाचा चिखल बघून तो कुठून आला ते सांगायला टपलेला. आणि म्हणे बिल्ले कोण वाचतंय! पण काकांनी मान डोलावली. माणसाला स्वतःचीच अक्कल फार आवडायला लागली की तो अशी मान डोलावतो.

काकू चहाच्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढं दोन बायका काकांच्याच पुस्तकाबद्दल बोलत होत्या. काकूंनी घसा साफ केला आणि पूर्ण वर्गाला सांगावं तशा म्हणाल्या, "मला तर बाई त्या डॉक्टरचाच संशय येतो!"

रांग वळून बघायला लागली.

"का हो?" एकीनं विचारलं.

"का म्हणजे? डॉक्टर आहे. त्याच्याकडे औषधं असतात."

"पण खून तर डोक्यात मारून झालाय."

"तेच तर!" काकू म्हणाल्या. "औषधं असून वापरली नाहीत, म्हणजे बघा किती आतल्या गाठीचा!"

त्या बाईनं काकूंच्या बिल्ल्याकडे पाहिलं, मग आपल्या मैत्रिणीकडे पाहिलं. "आणि त्या घड्याळजीबद्दल काय वाटतं तुम्हाला?" तिनं अगदी गोड आवाजात विचारलं.

काकू रांगेतून बाहेर पडल्या. नंबर आला होता, चहावाल्यानं कप पुढं केला होता, तरी मागं न बघता सरळ चालायला लागल्या. नवऱ्याचा शब्द पाळणाऱ्या बायकोला चहा मिळत नाही तो असा.

तिकडं मेहुणा पुस्तकांच्या स्टॉलपाशी काळा चष्मा लावून, कॉलर वर करून उभा होता. हॉलच्या आत काळा चष्मा! तीन खुर्च्यांना आणि एका बाईला धडकून झालं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला तो गाठून सांगत होता, "साहेब, सेक्रेटरी बाई. डोळे मिटून लिहा. तिच्या पर्समध्ये विषाची बाटली सापडते."

"पर्स? कादंबरीत पर्सच नाही कुठं."

"पट्टीच्या आत आहे ना ती!"

"पण तुम्ही पट्टी फोडली का?"

मेहुणा जरा गडबडला, पण दलाल माणूस, अडकून कसा राहील! "छे छे! आतली माहिती आहे."

"आणि खून विषानं झालेलाच नाही. डोक्यात मार लागलाय."

"मग? बाटलीच घातली ना डोक्यात!"

जमलेले लोक हसायला लागले. मेहुण्याला वाटलं आपलं भाषण रंगलंय. तो सांगत गेला. सेक्रेटरी बाईला त्यानं एक पळून गेलेला नवरा दिला, दोन फ्लॅट दिले, एका फ्लॅटला गॅलरी दिली. काकांनी इतकी मेहनत कधी एका पात्रावर घेतली नव्हती.

आणि जावई? जावई जिन्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून म्हणत होता, "नमस्कार. पुतण्या दोषी आहे असं मला सांगायला सांगितलंय." एवढं बोलून शिंकत होता.

"कुणी सांगितलंय?" एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं.

"ते सांगायचं नाही असंही सांगितलंय."

दुपारपर्यंत हॉलभर बोभाटा झाला. लेखकाची बायको डॉक्टर म्हणते, मेहुणा सेक्रेटरी म्हणतो, जावई पुतण्या म्हणतो आणि घड्याळजी म्हटलं की तिघंही उठून जातात! मग लोकांना नादच लागला. जेवणाच्या वेळी मेहुणा भरलेलं ताट घेऊन टेबलाशी बसला, पहिला घास उचलला, तर शेजारचा माणूस हवेत बघून म्हणाला, "घड्याळजी." मेहुण्यानं घास ताटात टाकला आणि उठला. दुसऱ्या टेबलाशी गेला. तिथं एक आजीबाई म्हणाल्या, "काय हो, तो घड्याळजी..." मेहुणा पुन्हा उठला. तिसऱ्या टेबलाशी तर लोक त्याची वाटच बघत होते. ज्या ताटासाठी बिल्ला गळ्यात ठेवला होता ते ताट हातात धरून बिचारा हॉलभर फिरला आणि शेवटी हात धुण्याच्या बेसिनपाशी भिंतीकडे तोंड करून उभ्यानं जेवला. पण उठायचं म्हणजे उठायचं! आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस दिलेला शब्द पाळत होता, आणि वेळ कोणती निवडली बघा.

काकांना यातलं काही माहीत नव्हतं. ते लेखकांच्या खोलीत बसून होते आणि जो तो आपल्याकडे बघून हसतोय यावर खूश होते. "वातावरण आपल्या बाजूनं आहे," त्यांनी संध्याकाळी घरी सांगितलं. "लोक ओळख देतात. एकानं तर मला डोळा मारला."

"दाजी, गाजतंय तुमचं पुस्तक!" मेहुणा म्हणाला. "प्रत्येकाच्या तोंडी घड्याळजी!"

काकांचा हात कपासकट थांबला. "घड्याळजी? कोण म्हणतं घड्याळजी?"

"सगळेच. पण आम्ही दाद दिली नाही हो! नाव निघालं की उठलो. मी तर जेवणावरून उठलो."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "मी चहावरून."

जावई म्हणाला, "मी जिन्यावरून. तीनदा खाली जाऊन वर आलो."

काकांनी कप खाली ठेवला. मग ते मेहुण्याला इतकं बोलले, इतकं बोलले की ते इथं लिहिण्यासारखं नाही. बैल म्हणाले, दगड म्हणाले, शेवटी काकूंच्या माहेरावर घसरले. मग काकू उठल्या.

"उठून जायचं हे कुणी सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं. "आम्ही आमच्या मनानं उठलो का? माझा भाऊ उपाशी राहिला तुमच्यापायी. उद्या तुम्ही आणि तुमचे खून काय ते बघून घ्या. मी फक्त बसायला येणार आहे."

त्या रात्री काकांचा चहा सांडला, तेव्हा काकूंनी फडकं पुढं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची स्टेजवर मुलाखत होती. काकांनी ठरवलं होतं, काय वाट्टेल ते झालं तरी चेहरा दगडासारखा ठेवायचा. अजून चिठ्ठ्या पडायच्या होत्या. अजून सगळं हातातून गेलेलं नव्हतं. घड्याळजीचा विषय निघालाच तर नुसतं हसायचं आणि म्हणायचं, 'बिचारा गरीब माणूस.' आरशासमोर उभं राहून त्यांनी ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. छान जमत होतं.

हॉल खच्चून भरला होता. मागं लोक उभे होते. काकांच्या मुलाखतीला एवढी गर्दी त्यांच्या उमेदीच्या दिवसांतही झाली नव्हती, आणि खोटं कशाला सांगा, त्यांचा ऊर भरून आला. पहिल्या रांगेत प्रकाशक बसले होते. त्यांनी गर्दीकडे पाहून काकांना अंगठा दाखवला.

मुलाखत घेणाऱ्या आयोजक बाई हुशार. त्यांनी डॉक्टरबद्दल विचारलं, काका डॉक्टरबद्दल भरभरून बोलले. पुतण्याबद्दल विचारलं, काकांनी पुतण्याचं बालपण सांगितलं. सेक्रेटरी बाईबद्दल विचारलं तर हॉलमधून कुणीतरी ओरडलं, "फ्लॅटला गॅलरी आहे का?" आणि हशा पिकला. काकाही हसले. त्यांना गॅलरीचं काही कळलं नाही, पण हसणं बरं.

मग बाई पुढं झुकल्या. हॉल एकदम चिडीचूप झाला. "आणि काका," त्या म्हणाल्या, "घड्याळजी?"

काका उठून उभे राहिले!

कसे उठले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. नियम त्यांनीच केलेला, आदल्या रात्री तोच डोक्यात हजार वेळा फिरलेला. पायांनी तो ऐकला. 'बिचारा गरीब माणूस' हे वाक्य घशातच राहिलं आणि काका खुर्चीपासून पावलभर लांब, कॉलरला लावलेल्या माइकच्या वायरीनं बांधलेले, असे उभे.

हॉल पेटला! लोक टाळ्या पिटत होते, बाकं बडवत होते, मागची माणसं खुर्च्यांवर चढली. "बसा काका, बसा!" कुणीतरी ओरडलं. काका बसले. "घड्याळजी!" दुसरा ओरडला. काका बसूनच राहिले, पण खुर्चीचे हात त्यांनी असे घट्ट धरले होते की त्याचीच वेगळी टाळी पडली. पहिल्या रांगेत प्रकाशक जमिनीकडे बघत होते.

दुपारी चिठ्ठ्या पडल्या. मग पेट्या उघडल्या. काकांच्या पेटीत चिठ्ठ्या मावत नव्हत्या, झाकण दोरीनं बांधून आणलेलं. आयोजक बाई एकेक चिठ्ठी उघडून वाचायला लागल्या. "घड्याळजी. घड्याळजी. घड्याळजी..." थोड्या वेळानं बाईंना वाचायची गरजच उरली नाही. त्या चिठ्ठी नुसती वर धरायच्या आणि हॉल एका सुरात नाव म्हणायचा. मध्येच एका चिठ्ठीवर 'मेहुणा' असं लिहिलेलं निघालं. त्या चिठ्ठीला दिवसातली सगळ्यात मोठी टाळी मिळाली आणि मेहुण्यानं उभं राहून ती स्वीकारली.

महोत्सवाच्या इतिहासात इतक्या लोकांनी इतका बरोबर खुनी कधी ओळखला नव्हता, असं बाईंनी सांगितलं.

पण रीत म्हणजे रीत. निकाल काही असो, लेखकानं स्वतःच्या हातानं पट्टी फोडायची आणि शेवटचं पान वाचून दाखवायचं. काकांनी पट्टी फोडली. त्या पानावर एक वाक्य होतं. ते जमावं म्हणून काका कितीतरी महिने झुरले होते. लिहायचे, खोडायचे, रात्री उठून पुन्हा लिहायचे. 'या खोलीत वेळ थांबली नव्हती, कुणीतरी ती हातानं थांबवली होती.' हे वाचल्यावर हॉलमध्ये श्वास रोखले जातील, असं त्यांनी मनात किती वेळा पाहिलं होतं. त्यांनी ते वाचलं. समोर कुणीतरी जांभई दिली. मागं दोघं जण बिल्ला, ताट असं काहीतरी बोलून खिदळत होते. काका वाचत राहिले. आवाज फुटला तेव्हा पाणी प्यायले आणि शेवटपर्यंत वाचलं. कुणालाच नको असलेलं पान वाचून दाखवणं किती लांबलचक काम असतं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक.

मग 'बिनतोड' जाहीर झालं. ते मिळालं एका निवृत्त न्यायाधीशांच्या कादंबरीला. हातात धरली तर मनगट दुखेल एवढी जाड. तिची पेटी उघडली तर आत एकही चिठ्ठी नव्हती. ती कुणी संपवलीच नव्हती! पण नियम साफ होता, खुनी सगळ्यात कमी लोकांना सापडला पाहिजे. न्यायाधीशांनी शाल घेतली, बक्षीस घेतलं आणि वाचकांना आपण चकवल्याबद्दल अर्धा तास भाषण केलं.

कार्यक्रम संपल्यावर प्रकाशक काकांजवळ आले. हात हातात घेतला. "पुस्तक चांगलं होतं काका," ते म्हणाले. "पण आता अख्ख्या गावाला शेवट माहीत झाला. घेणार कोण?"

"पुढच्या वेळी..." काका म्हणाले.

"तब्येतीला जपा," प्रकाशक म्हणाले आणि न्यायाधीशांचं अभिनंदन करायला गेले.

तेवढ्यात आयोजक बाई धावत आल्या. चेहरा आनंदानं फुललेला. "काका, इतकी मजा कुठल्याच वर्षी आली नव्हती हो! पुढच्या वर्षी आम्हाला हाच कार्यक्रम हवाय. तुमच्या मिसेस, ते मेहुणे आणि ते शिंकणारे. मी त्यांच्याशी बोललेय, तिघंही तयार आहेत."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

"आणि माझी नवी कादंबरी?" काकांनी विचारलं.

"कादंबरी नसली तरी चालेल," बाई म्हणाल्या. "तुम्हीसुद्धा या ना, त्यांच्यासोबत! जेवणाची सोय आहेच."

हॉल रिकामा व्हायला लागला. माणसं खुर्च्या उचलून एकावर एक रचत होती. काका स्टेजच्या पायरीवर बसून राहिले. उठावं असं वाटत नव्हतं, आणि आता उठायला कुणी सांगतही नव्हतं. तेव्हा एक जाड चष्म्याच्या बाई त्यांच्याजवळ आल्या. हातात काकांची कादंबरी. पानं वापरून मऊ झालेली, जागोजागी कागदाचे कपटे खोचलेले. दोन दिवसांत काकांनी पाहिलेली ही पहिली वाचलेली प्रत.

"सही द्याल?" बाई म्हणाल्या. "आमचं वाचक मंडळ आहे. आम्ही सगळ्याजणींनी वाचली. मी तर दोनदा."

काकांच्या जिवात जीव आला. त्यांनी पेन काढलं. "आवडली?"

"आवडली काय विचारता! आम्ही साफ फसलो होतो हो. आमच्यातल्या निम्म्याजणी डॉक्टर म्हणत होत्या, निम्म्याजणी पुतण्या. भांडणं झाली आमच्यात! घड्याळजीवर एकीचाही संशय नाही. तो कुंडीला पाणी घालतो ना, तिथंच आम्ही सगळ्या गार झालो. माझी तर डॉक्टर लिहिलेली चिठ्ठी घरूनच तयार होती. इतकं बेमालूम मी गेल्या कित्येक वर्षांत वाचलेलं नाही."

काकांचं पेन कागदावर टेकलेलं होतं तिथंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा व्हायला लागला.

"कुणालाच कळलं नसतं बघा," बाई सांगत होत्या. "मी इथं किती जणांना विचारलं, कुणालाच नाही! काल सकाळी हॉलमध्ये आलो तेव्हा तुमचं बिनतोड नक्की होतं. मग त्या चहाच्या रांगेत तुमच्या मिसेस भेटल्या म्हणून, नाहीतर..."

"बाई," काका कसेबसे म्हणाले, "हे तुम्ही मला आत्ता कशाला सांगताय?"

बाईंनी चष्मा सावरला. त्यांना वाईटच वाटलं.

"अहो, कौतुक करतेय मी तुमचं!" त्या म्हणाल्या.